चौदा नंबरचा तागा

“एक सुई टोचायला इतका वेळ? आत गादी शिवायला घेतलीय की काय,” ताई माझ्या कानाशी पुटपुटली. पुटपुटली हे तिच्या मते. समोरच्या बाकावरची तीन माणसं हसली आणि एका म्हातारबाबांनी पसंतीची मान डोलावली.

“हळू बोल,” मी म्हटलं.

“का? डोळा माझा, सुई मला. बोलायचीपण चोरी?”

तिच्या उजव्या भुवईच्या वर नर्सनं एक लहानसा लाल बाण चिकटवला होता. भलत्या डोळ्यात सुई जाऊ नये म्हणून तिथे सगळ्यांनाच चिकटवतात. बाकावर ओळीनं माणसं बसलेली, कुणाचा बाण डावीकडे, कुणाचा उजवीकडे. पहिल्या दिवशी ताईच्या कपाळावरचा बाण पाहून मला हसू फुटलं होतं आणि मी ते खोकल्यात ढकललं होतं. कारण सव्वीस वर्षं माझ्या बहिणीनं दुसरं काही केलं नाही. कापड कारखान्याच्या तपासणीच्या खोलीत, खालून दिवे लावलेल्या काचेच्या टेबलावरून पांढरं कापड सरकत यायचं. त्यात गाठ, तुटका धागा किंवा तेलाचा शिंतोडा दिसला की टेबल थांबवायचं आणि तिथे लाल बाण चिकटवायचा. एका ताग्यावर सहाच्या वर बाण झाले की तो तागा दुय्यम मालात. कारखान्यात तिला घार म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं.

“कितवं तुमचं?” म्हातारबाबांनी विचारलं.

“अकरावं. पंचवीस घ्यायची आहेत. डोळ्यात कॅन्सर आहे.”

म्हातारबाबांनी स्वतःच्या मोतीबिंदूची गोष्ट गिळून टाकली.

कॅन्सर हा शब्द लोक घरात कुजबुजतात, असं मी ऐकून होते. आमच्याकडे तसं काही झालं नाही. ताईनं तो पहिल्याच आठवड्यात शेजारणीपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून टाकला, तोही नावगावासकट. लिम्फोमा म्हणतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बिघडतात आणि डोळ्याच्या आतल्या पारदर्शक गरात जाऊन बसतात. आधी गल्लीतल्या डॉक्टरांना वाटलं, साधी सूज आहे. त्यांनी थेंब दिले. थेंबांनी आठ दिवस बरं वाटायचं, की पुन्हा धुकं. शेवटी या मोठ्या दवाखान्यात डोळ्यातला गर काढून तपासला, तेव्हा खरं काय ते कळलं. आता औषध सुईनं थेट डोळ्यातच सोडायचं: पहिला महिना आठवड्यातून दोनदा, पुढचे दोन महिने आठवड्याला एकदा, मग नऊ महिने महिन्यातून एकदा. ताई हे वेळापत्रक असं सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, तिनंच ठरवून दिलंय.

तेव्हा कॅन्सरचं आम्हाला काही वाटत नव्हतं असं नाही, पण तो बोलायला मोकळा होता. आमच्या घरात न बोलायची गोष्ट दुसरीच होती. ती माझ्या नवऱ्याच्या नोकरीची होती.

तो त्याच कारखान्यात चौदा नंबरच्या मागावर होता. चौदा वर्षं, चौदा नंबर, असं तो आधी गमतीनं सांगायचा. आठ महिन्यांपूर्वी त्याला काढून टाकलं. कारण काय, तर सलग तीन महिने चौदा नंबरचं कापड खराब. खराब कुणी ठरवलं? घारीनं. तपासणीला तशा आणखी दोघीजणी होत्या, ताईच्या हाताखाली. पण चौदा नंबरचा तागा ताई दुसरीला शिवू द्यायची नाही. “बहिणीचा नवरा म्हणून सोडला, असं उद्या कुणी म्हणायला नको,” म्हणायची. तिचं सरळपण हे असं. सरळ रेषेत चालायचं, मग मध्ये कुणाचा पाय येवो.

आणि गंमत अशी की स्थळ तिनंच आणलं होतं. आई विचारत होती, माणूस कसा आहे, घर कसं आहे. ताई म्हणाली होती, “घर कुणी बघितलंय? त्याचं कापड बघितलंय मी. तीन वर्षं रोज बघतेय. माणूस बरा असणार.” मी त्या शिफारशीवर लग्न केलं.

दोन महिन्यांपूर्वी मोठ्या डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा ताईला तपासलं, तेव्हा ती, मी आणि माझा नवरा, तिघंही त्या लहानशा खोलीत होतो. डॉक्टरबाई लिहिता लिहिता म्हणाल्या, “डोळ्यापुढे काळे ठिपके, जाळी, असं काही तरंगताना दिसायचं का?”

“दिसायचं.”

“ते उजेडात जास्त दिसतं. पांढऱ्या भिंतीवर, पांढऱ्या कागदावर. कधीपासून दिसायला लागलं?”

ताई थांबली. फार नाही, टेबल थांबवून बाण चिकटवायला लागतो तेवढाच वेळ.

“चार महिने झाले असतील,” ती म्हणाली.

माझ्या नवऱ्याची नोकरी जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. मी त्याच्याकडे पाहिलं. तो समोरच्या तक्त्यावरची सगळ्यात खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ वाचत होता. डॉक्टरबाईंनी ‘चार महिने’ असं लिहिलं आणि पान उलटलं. आम्ही तिघांनी मनातल्या मनात एकच वजाबाकी केली.

मला मात्र एक दुपार आठवत होती. त्याची नोकरी जायच्याही दोन महिने आधीची. ताई माझ्याकडे आली होती, मी उशांच्या खोळी शिवत बसले होते. बोलता बोलता ती भिंतीकडे बघून म्हणाली, “माशी मार गं ती.”

“कुठली?”

“ती काय, भिंतीवर.”

“ताई, माशी नाहीये.”

“मग उडाली असेल,” ती म्हणाली आणि विषय बदलला. मीही मशीन पुढे चालवलं. म्हणजे बघायला गेलं तर गप्प बसायला मी तिच्याही आधी सुरुवात केली होती.

डॉक्टरबाईंकडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पलंगाखालचा तागा काढला. नवरा कारखान्यातून निघताना तपासणीच्या मास्तरांनी त्याचा शेवटचा तागा त्याच्या खांद्यावर टाकून म्हटलं होतं, “तुझा माल तूच वापर.” तो तसाच पडून होता. मी खोळी शिवून पोट भरते, घरात फुकटचं पांढरं कापड, पण त्याला हात लावायची माझी छाती झाली नव्हती. खिडकीत उजेडाला धरून मी तो इंच इंच उलगडला. एकोणीस बाण होते. एका बाणाखाली गाठ होती. एका बाणाखाली धागे विरळ होते, तेही बोट फिरवलं तर कळावं इतपत. बाकी सतरा बाण कोऱ्या कापडाकडे बोट दाखवत होते. मी भिंग आणून पाहिलं. कापड पाण्यासारखं होतं.

मी तागा गुंडाळून पुन्हा आत सरकवला. संध्याकाळी नवरा जेवायला बसला, त्याची नजर पलंगाखाली गेली.

“उलटा गुंडाळलायस,” तो म्हणाला, आणि ताट पुढे ओढलं.

अकरावं इंजेक्शन घेऊन ताई बाहेर आली, डोळ्यावर पांढरी पट्टी, गालावर त्या तपकिरी औषधाचा ओघळ. माझा नवरा आता दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. गाद्या, कपाटं, जे मिळेल ते. बसमधली धूळ तिच्या डोळ्याला चालत नाही, म्हणून दर खेपेला तोच आणतो, तोच नेतो. आईनं बजावून ठेवलं होतं, आजारी माणसाशी भांडू नका. आम्ही ते पाळत होतो. म्हणजे भांडायचो, पण भांडणाच्या आसपास.

“झालं का?” त्यानं गाडी सुरू करत विचारलं.

“नाही, अर्धं टोचलं, अर्धं उद्या,” ताई म्हणाली. “हा टेम्पो या वर्षात धुतलायस का कधी?”

“डाग दिसले का? दिसणारच. तुम्हाला काय, कुठंही दिसतात.”

ताईनं तोंड खिडकीकडे केलं. ती डावी बाजू होती, तिला आमच्याकडचं काहीच दिसत नव्हतं. मी मध्ये बसले होते. माझे गुडघे गिअरला लागत होते आणि कान दोघांना.

मग ती माझ्याशी बोलायला लागली. “आज आत धूर दिसला. औषध सोडलं ना, की डोळ्यात शाई सोडल्यासारखं वळसे घेत पसरतं. दुखत नाही, बधिर करतात. पापण्यांना चिमटा लावतात, मिटायची सोयच नाही. ‘पायाकडे बघा’ म्हणतात. नुसतं बघायचं.”

“घरी गेल्यावर खुपेल पुन्हा?”

“खुपेलच. वाळू टाकल्यासारखं. औषध वरचं सालटं जाळतं म्हणाल्या.”

“सवय होईल,” माझा नवरा म्हणाला. त्याला काय म्हणायचं होतं ते त्यालाच ठाऊक. मला त्याचा राग आला. लगेच तिचाही आला. दोघांचा राग करून झाल्यावर उरलेला मी माझ्यावर घेतला.

खरं सांगायचं तर माझ्या मनात त्या दिवसांत एक फार हलकट विचार असायचा. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की हा आजार डोळ्यातून मेंदूत जाऊ शकतो, बऱ्याच जणांचा जातो, म्हणून दर तीन महिन्यांनी डोक्याचा फोटो काढायचा. ते ऐकून आई रडली. मी नाही रडले. मी विचार केला, मेंदूत जायच्या आधी हिनं बोलायला हवं. नंतर बोलली तर कोण विश्वास ठेवणार? माझ्या नवऱ्यानं दुसऱ्या दोन कारखान्यांत काम मागितलं होतं. दोन्हीकडून मास्तरांना फोन गेला, दोन्हीकडे मास्तरांनी सांगितलं, “माणूस चांगला, पण माल खराब.” मागवाल्याला यापेक्षा वाईट प्रशस्तिपत्रक नाही. तिच्या एका वाक्यानं ते पुसलं गेलं असतं. बहिणीचं डोकं शाबूत राहावं म्हणून मी हात जोडत होते, ते निम्मे तिच्यासाठी आणि निम्मे त्या वाक्यासाठी.

बाराव्या इंजेक्शनच्या आदल्या दिवशी कारखान्यातून निरोप आला. मास्तरांनी ताईला बोलावलं होतं, दवाखान्याचे कागद घेऊन. माझ्या नवऱ्यानं आम्हाला फाटकापाशी सोडलं.

“तू इथंच थांब,” ताई म्हणाली.

“मी कशाला येतोय आत?” तो म्हणाला. “मला काय आमंत्रण आहे?”

तपासणीची खोली तशीच होती. पलीकडच्या भिंतीआड माग धडधडत होते. खालून उजळलेलं टेबल, त्यावर पांढरं कापड, आणि टेबलाशी वीस-एकवीस वर्षांची एक नवी मुलगी. तिच्या मनगटावर लाल बाणांची पट्टी होती. ताईला बघून ती उठून उभी राहिली.

“बसा, बसा, घारबाई,” मास्तर म्हणाले. ते गोड बोलतात. त्यांनी गोड बोलून माणसं घालवलेली मी पाहिली आहेत. “तुमच्याशिवाय खोली आंधळी झालीय. आता हळूहळू परत या. अर्धा दिवस. या पोरीला तयार करा. तुमचा एक डोळा म्हणजे दुसऱ्यांचे चार.”

ताई खुश झाली. मला ते तिच्या पाठीवरूनसुद्धा कळतं.

मास्तरांनी कागद वाचले. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. “चार महिने,” ते म्हणाले, मग कागदावरची तारीख बघून बोटांवर काहीतरी मोजलं. चेहरा सैल झाला. “हे उत्तम झालं. म्हणजे आजार नंतरचा. मी जरा काळजीत होतो हो. लोकांची तोंडं काय, लगेच म्हणतील, अमक्याला काढलं तेव्हा बाईंना दिसत तरी होतं का. आता कागदच आहे. नीट सांगितलंत तारखेचं.”

“नीट सांगितलं म्हणजे?” ताईनं विचारलं.

“म्हणजे सोयीचं. तुम्हाला, मला, सगळ्यांना. दर आठवड्याला तुमच्या बाणांखाली माझी सही आहे, घारबाई.” त्यांनी डोळा मिचकावला. नेमका उजवा.

ताई उठली आणि टेबलापाशी गेली. मुलगी बाजूला सरकली.

“कुणाचं कापड हे?”

“चौदा नंबर,” मुलगी म्हणाली. “नवे आहेत, मावशी, महिना झाला त्यांना.”

ताईनं डोळ्यावरची पट्टी काढली. तो डोळा लाल होता, त्यातून सारखं पाणी गळत होतं, आणि खालचा उजेड लागल्यावर ती मागे सरली. तरी ओणवी झाली. आधी तिनं डाव्या डोळ्यावर हात ठेवला. मग उजव्यावर. मग पुन्हा डाव्यावर. डोळ्यांच्या दुकानात चष्मा घ्यायला आलेलं माणूस करतं तसं.

“काही आहे का?” मुलीनं विचारलं. ती घाबरली होती, तिच्या नजरेतून काहीतरी सुटलं असेल म्हणून.

“या डोळ्यानं आहे. या डोळ्यानं नाही,” ताई म्हणाली. मग मला म्हणाली, “त्याला बोलाव.”

“कुणाला?” मास्तर म्हणाले.

“टेम्पोवाल्याला.”

मी फाटकापाशी गेले. तो टेम्पोला टेकून उभा होता.

“ताईनं आत बोलावलंय.”

“कशाला? एखादा बाण चिकटवायचा राहिलाय?”

“चल ना.”

“मी त्या दारातून आत येणार नाही.”

“बरं,” मी म्हटलं आणि परत फिरले. मागून त्याची पावलं ऐकू आली. मागांच्या भिंतीजवळून जाताना तो थबकला, कान दिला. “बारा नंबर लंगडतोय,” तो स्वतःशीच म्हणाला. “कुणी बघत नाही का इथं?” आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता, नुसती चिडचिड होती, कामाच्या माणसाची.

खोलीत मास्तर उभे होते. ते त्याच्याकडे न बघता ताईला म्हणाले, “घारबाई, याला इथं आणायचं कारण नव्हतं.”

“आहे,” ताई म्हणाली. “ती तारीख खोटी आहे. चार महिने नाही. मला त्याच्याही पाच महिने आधीपासून ठिपके दिसत होते.”

मुलीनं टेबल बंद केलं. भिंतीआडची धडधड एकदम मोठी वाटली.

“बाई, तुम्ही बसा,” मास्तर गोड आवाजात म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “औषधं जहाल असतात हो. आणि हे डोक्यात जातं म्हणे पुढे. माणूस काहीबाही बोलतं. यांना घरी न्या.”

माझाच विचार, दुसऱ्याच्या तोंडून, साखर घालून.

“डोक्याचा फोटो परवाच काढलाय,” ताई म्हणाली. “स्वच्छ आहे. तुमचा काढायचा असेल तर पत्ता देते.”

मुलीनं तोंडावर हात ठेवला. मास्तरांचा गोडवा गेला. “तुम्हाला कळतंय का काय बोलताय? सव्वीस वर्षांचं नाव मातीत जाईल. या खोलीत पुन्हा पाऊल टाकता येणार नाही. आणि काय सिद्ध होणार? तेव्हा तुम्हाला ठाऊक थोडंच होतं? आजारी होतात. चूक झाली. चूक कुणाचीही होते.”

त्यांनी तिला दार उघडून दिलं होतं. तिथून बाहेर पडता आलं असतं. ठाऊक नव्हतं, आजारी होते, चूक झाली: आम्ही सगळ्यांनी ते मानलं असतं. माझ्या नवऱ्यानंही मानलं असतं. मनातल्या मनात मी तिला त्याच दाराकडे ढकलत होते.

“ठाऊक होतं,” ताई म्हणाली.

मुलीनं मनगटावरची बाणांची पट्टी बाहीआड सरकवली.

“दुसऱ्या महिन्यात कळलं मला. एका ताग्यावर नऊ बाण झाले, तेव्हा माझ्याच मनाला पटेना. चौदा नंबरला नऊ? मी आत्ता केलं तसं केलं. एक डोळा झाकला. डाग गेले. दुसरा झाकला, आले.” तिनं गालावरचं पाणी मनगटानं पुसलं. “त्यानंतर महिनाभर लावले मी बाण.”

“का?” हे मी विचारलं.

“इथं दोघी बसलेल्या असायच्या बाजूला. टेबल थांबवलं की बघायच्या, घारीला काय दिसलं. थांबवून नुसतंच पुढं कसं सोडायचं? घारीला दिसत नाही, असं म्हणतील. वाटलं, उद्यापासून बरं दिसेल. उद्यापासून सोडून देऊ. तेवढ्यात याला काढलं.” तिनं मास्तरांकडे हात केला. “मग काय सांगणार? मग तर सांगायची सोयच राहिली नाही.”

मास्तर खुर्चीत बसले. कागदांची नीट केलेली चळत ते पुन्हा पुन्हा नीट करत होते.

माझा नवरा दाराशी उभा होता, तिच्या उजव्या अंगाला. त्या गळत्या डोळ्याला तिकडचं काही नीट दिसत नव्हतं. ती चेहरा फिरवून त्याला शोधायला गेली, आणि तो सापडेना म्हणून टेबलाची कड धरून सगळीच वळली, पायांसकट, तो डाव्या डोळ्यात येईपर्यंत.

“तुझं कापड चांगलं होतं,” ती म्हणाली.